टाकी पावसात भरून वाहते, तरी एप्रिलात रिकामी होते. चुकतं कुठे?

तुम्ही लिहिलंय की घरात पाच माणसं आहेत आणि छपराच्या पाण्याची १०,००० लिटरची टाकी मेपर्यंत पुरत नाही. आमचंही पहिल्या वर्षी हेच झालं. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यात, जांभ्या दगडाच्या सड्यालगत, म्हणजे उघड्या पठारालगत राहतो. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पण जांभा पाणी धरत नाही. मार्च सरता सरता विहीर तळ दाखवते.

पाऊस कमी नाहीच. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फुटांच्या छपरावरून, सांडलवंड धरूनही, वर्षाला लाखभर लिटर उतरतं. तेव्हा पावसाळाभर टाकीचं पाणी मोकळ्या हाताने वापरा. सप्टेंबर-ऑक्टोबरात, उत्तरा-हस्ताच्या पावसात पन्हळी झाडून टाकी काठोकाठ भरून घ्या आणि झाकण लावा. विहिरीला पाणी आहे तोवर टाकीला हात लावायचा नाही. आम्ही शिमग्यापर्यंत लावत नाही.

मग हिशेब मांडा. पिण्या-स्वयंपाकाला माणशी १० लिटर धरले, तर १ मार्च ते १० जून या १०२ दिवसांत पाच माणसांना ५,१०० लिटर. मे महिन्यात मुंबईहून सातजण येतात, त्यांचे २,१७०. हे चाकरमानी पहिल्या वर्षी आम्ही हिशेबात धरलेच नव्हते! पाहुण्याला पाणी मोजून देणं जिवावर येतं, म्हणून त्यांचं आधीच बाजूला काढायचं. एवढं करून अडीच हजारांवर शिल्लक राहतं. अंघोळी-धुण्याला मात्र विहिरीत जे उरेल तेच पाणी.

आणि टाकीचा नळ घरात आणू नका, हे मी अगदी कळकळीने सांगते. आमच्या मोरीतल्या नळाखाली बादली ठेवली, तर रात्रीत अर्धी भरली. थेंब थेंब म्हणून महिनोन् महिने कुणी लक्षच दिलं नव्हतं. आता सकाळी एकदाच दोन हंडे आणि एक कळशी काढतो, दिवसभर तेवढ्यात भागवतो. माणसं वाढली की हंडे वाढतात. कपडे विसळलेलं पाणी संडासाला, न्हाणीचं केळीला, तांदळाचं धुवण गुरांना. हे तुमच्याकडेही होतच असेल.

दर रविवारी टाकीत काठी बुडवून ओल कुठवर आली ते बघा आणि भिंतीवर कोळशाने खूण करा. उजेड आत गेला तर शेवाळ धरतं. सांडव्याच्या पाइपाला मच्छरजाळी बांधा. तुमचा नळ कुठे आहे ते कळवा, मग पुढचं सांगते.