जपानला पहिल्यांदा निघालेल्या ताईंसाठी

ताई, आधी खाण्याचं बघा. शाकाहारी माणसाला तिथे खरी अडचण येते ती ‘दाशी’ची. बहुतेकदा माशापासून केलेला हा अर्क सूपमध्ये, सॉसमध्ये, अगदी भाज्यांच्या पदार्थांतही असतो. ‘मांस, मासे, दाशी चालत नाही’ हे जपानीत लिहून मोबाइलमध्ये ठेवाच. आपला चिवडा, दशम्या खुशाल न्या. द्राक्षं मात्र नकोत. तपासणीच्या प्रमाणपत्राशिवाय ताजी फळं आत नेता येत नाहीत.

नवखे हमखास चुकतात ते पाच दिवसांत टोकियो, क्योतो, ओसाका, हिरोशिमा कोंबण्यात. दोनच शहरं घ्या. थोडे रोख येन जवळ हवेत. चार्जरला चपट्या दोन पिनांचा प्लग लागेल, वीज 100 व्होल्ट.

मुंबईच्या विमानासाठी कसारा घाटाचे दोन तास जास्तीचे धरा. रेल्वे पासचं आत्ता नको. शहरं ठरली की विचारा, सगळं सांगते.