गुण्यासारखं पिस्तूल आणि पेटीतलं 'वेबली' : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी लेस्टरला राहतो, वीस वर्षं झाली. नाणी, बिल्ले जमवायचा नाद जुनाच आहे, पण आता ब्रिटिश फौजेच्या जुन्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांनी वेड लावलंय. सुरुवात कुठून करू? आणि घरात ठेवलं तर पोलीस येतील का?

उत्तर : येतील ना, म्हणून आधी पोलिसांचंच उरकून घेऊ. १९९६ मध्ये स्कॉटलंडच्या डनब्लेनला शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर १९९७ च्या कायद्याने ग्रेट ब्रिटनमध्ये हँडगन जवळपास बंदच झाल्या. ऐतिहासिक वस्तूंना थोडी फट ठेवलीय, कलम ७ मध्ये. १ जानेवारी १९१९ च्या आधी बनलेलं पिस्तूल सर्टिफिकेटवर घरी ठेवता येऊ शकतं, फक्त ठेवायचं, उडवायचं नाही, आणि ज्यांच्या गोळ्या आजही सहज मिळतात ती कॅलिबर (गोळीची मापं) त्यात बसत नाहीत. फार दुर्मिळ असेल तर सरकारने ठरवलेल्या जागी ठेवायची दुसरी वाट आहे. तिसरी वाट डिअॅक्टिव्हेटेड पीसची, म्हणजे कायमचं निकामी केलेलं आणि तसा दाखला असलेलं. नवख्या माणसाला मी हीच सांगतो. कुठलीही वाट धरलीत तरी पैसे मोजायच्या आधी तुमच्या भागातल्या पोलिसांच्या फायरआर्म्स लायसन्सिंगवाल्यांना विचारा, विक्रेत्याच्या 'चालतं हो' वर जाऊ नका.

आता मजेचा भाग. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरून घेणारं, आणि रिव्हॉल्व्हर म्हणजे गोल फिरत्या सिलिंडरमध्ये गोळ्या असणारं. ही पिस्तुलं दुर्मिळ का, तर ब्रिटिश आर्मीला ती आवडलीच नाहीत. रिव्हॉल्व्हरवर त्यांचा इतका जीव की सेमी-ऑटोमॅटिक ब्राउनिंग आर्मीचं रीतसर नेहमीचं पिस्तूल झालं ते १९५४ मध्ये. त्याआधीचं जे जे आहे ते एकतर नाकारलेलं, नाहीतर थोडक्या लोकांना दिलेलं, आणि आपल्यासारखे येडे नेमके त्याच्याच मागे.

सगळ्यात फसलेलं, म्हणून सगळ्यात महाग, ते मार्स. ह्यू गॅबेट-फेअरफॅक्स नावाच्या माणसाने १९०० च्या आसपास बनवलं, सगळे मिळून ऐंशीएक पीस. ताकद अशी की त्या काळात एवढ्या जोराचं पिस्तूलच नव्हतं, आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायची ती मागे, म्हणजे थेट उडवणाऱ्याच्या तोंडाकडे! फौजेने नको म्हटलं, साहेबांचं दिवाळं निघालं. ते आपल्या खिशाचं काम नाही, काचेमागे बघायचं आणि घरी यायचं.

वेबली अँड स्कॉट कंपनीचं .४५५ (इंचातलं कॅलिबर) मार्क वन मात्र मनापासून बघण्यासारखं आहे. बर्मिंगहॅमचं, डिझाइन विल्यम व्हायटिंगचं, रॉयल नेव्हीने १९१२ मध्ये घेतलं. मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा वाटलं सुताराचा गुण्याच धरलाय, मूठ नळीला जवळजवळ काटकोनात, वजन किलोच्या वर, मनगट आपोआप वाकडं होतं. पण मॅगझिन, म्हणजे मुठीत बसणारी गोळ्यांची डबी, काढून त्याच्या कडेला बघा, खाचा दोन आहेत. पूर्ण आत नीट बसवलं की नेहमीसारखं चालतं, आणि अर्धवट बसवलं की सातच्या सात गोळ्या राखीव राहतात, तुम्ही वरून एकेक भरून उडवत बसायचं. म्हणजे पिस्तूल सेमी-ऑटोमॅटिक आणि साहेबाचा जीव अजून काटकसरीत अडकलेला, मला तर ते बघून फार हसू आलं होतं. पार्ट इतके घट्ट बसवलेले की थोडी घाण गेली की अडकायचं. याचाच भाऊ मार्क वन नंबर टू, रॉयल हॉर्स आर्टिलरी म्हणजे घोड्यांवरच्या तोफखान्यासाठी, त्याला खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता लावायची सोय. पहिल्या महायुद्धात विमानवाल्यांकडेही तो गेला. तो मिळाला तर मला पण दाखवा.

वेबली-फॉसबेरीचं नाव ऐकाल, पण ते पिस्तूल नव्हे, ऑटोमॅटिक रिव्हॉल्व्हर. धक्क्याने नळी आणि सिलिंडर मागे सरकतात आणि सिलिंडरवरच्या झिगझॅग खाचेमुळे ते आपलं आपण फिरतं. फॉसबेरी हिंदुस्थानात नोकरी केलेला, १८६३ च्या अंबेला मोहिमेतला व्हिक्टोरिया क्रॉसवाला. फौजेने ते कधी अधिकृत घेतलंच नाही, ऑफिसर लोक स्वतःच्या पैशाने घ्यायचे.

सुरुवातीला परवडेल असं विचाराल तर .४५५ चं कोल्ट. अमेरिकेत बनलेलं, पण ब्रिटिश ऑर्डरचं, नंबरच्या आधी डब्ल्यू. काहींवर आर.ए.एफ., म्हणजे रॉयल एअर फोर्सचा, ठसा असतो.

प्रश्न : त्या ठशांवर विश्वास ठेवायचा का? (पुन्हा लेस्टरवाले)

उत्तर : भिंग घेऊन ठेवायचा. मी एकदा चकचकीत कोल्ट बघून हुरळलो आणि जवळजवळ पैसे देऊनच टाकले. घरी फोटो मोठा करून बघितला तर अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत, स्क्रूच्या भोकांभोवती खळगे, म्हणजे घासून नव्याने रंग चढवलेला, आणि आर.ए.एफ. तेवढं धारदार, काल मारल्यासारखं! सोडून दिलं. ठसे मूळ, रंग उडालेला, मुठीची रेघारेघांची नक्षी झिजलेली असा पीस घ्या. सरकारी बाणाचा ठसा तर शोधाच, आणि दोन बाण टोकाला टोक लावून दिसले तर समजा माल सरकारने रीतसर विकून टाकलेला आहे. आणि घरी आणल्यावर ब्रासो (धातू घासून चमकवायचं पॉलिश) लावू नका हो, हात जोडतो.

प्रश्न : साताऱ्याला आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत 'वेबली' लिहिलेलं पिस्तूल सापडलं. पणजोबा मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) लढले होते. खूप किंमत येईल का?

उत्तर : ताई, किमतीचं राहू द्या. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या हे खरं, पण वेबली म्हटलं की बहुतेक वेळा निघतं ते सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर. गोल सिलिंडर आहे का ते फोटोत लगेच कळेल, पण त्यासाठी ते हाताळत बसू नका, भरलेलं असू शकतं. आपल्याकडच्या, म्हणजे भारतातल्या, आर्म्स अॅक्ट १९५९ प्रमाणे लायसन्स नसताना ते घरात ठेवता येत नाही. कलम ४५ ची सूट आहे, पण ती दुरुस्त करूनही न चालणाऱ्या पुराण्या हत्याराला, आणि ते तसं आहे की नाही हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. पेटी बंद करा, ओळखीचा वकील गाठा, पोलीस ठाण्याला कळवा आणि तिथे किंवा लायसन्सवाल्या डीलरकडे रीतसर जमा करून पावती घ्या. आजोबांच्या नावाचं जुनं लायसन्स त्याच पेटीत तळाशी असू शकतं, कागद फेकायच्या आधी तेवढं बघा.