ब्रिज या पत्त्यांच्या खेळात बोलीवरून वयाने मोठ्या पार्टनरशी खटके उडतात. त्यांना न दुखावता कसं बोलावं?

तुम्ही लिहिलंय की पार्टनर वीस वर्षांनी मोठे आहेत, बोली (कोणत्या हुकमाने किती हात करू, हा आकडा) फसली की टेबलावरच शब्दाला शब्द लागतो आणि आता खेळच सोडावासा वाटतोय. सोडू नका. मी यातून गेलोय, आणि ज्यांच्याशी वाजलं त्याच माझ्या पार्टनर अण्णांसमोर आजही दर रविवारी बसतो.

राजारामपुरीत एका घरी डाव होता. अण्णांनी १ चौकट बोलली (म्हणजे चौकट हुकूम, सहाच्या वर एक हात), माझ्या उजवीकडून १ इस्पिक आली, मी डबल दिलं. माझ्याकडे इस्पिकची दुर्री आणि सत्ती, बदामचे राजा-राणीसह चार पत्ते. मला म्हणायचं होतं, बदाम आहेत, बोला. अण्णांनी पास दिला. विरुद्ध जोडीने बरोबर सात हात केले आणि १६० गुण घेतले. आमच्या दोघांत मिळून आठ बदाम आणि मोठ्या पत्त्यांचे २६ पॉइंट होते, म्हणजे ४ बदामचे ४२० गुण हातचे गेले. मी पत्ते टाकले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "अण्णा, एवढंही कळत नाही?" ते काही बोलले नाहीत. चहा तसाच ठेवून चपला घालून निघून गेले. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तीन दिवसांनी रंकाळ्यावर फिरताना गाठलं, माफी मागितली आणि विचारलं, "अण्णा, त्या डबलचा अर्थ तुम्ही काय घेतलात?"

"आरं, डबल म्हंजे समोरच्याला धरलं. आमास्नी तसंच शिकवलंय."

आणि ते खरंच होतं. पूर्वी अशा जागी डबल म्हणजे दंडाचंच: विरुद्ध जोडीची बोली फसणार, दंड वाढवा. १९५७ साली अमेरिकेतल्या ॲल्विन रॉथ यांनी त्याला 'न बोललेले रंग माझ्याकडे आहेत' असा अर्थ दिला. त्याच वर्षी रशियाचा उपग्रह आकाशात गेला होता, म्हणून त्याला स्पुटनिक डबल म्हणू लागले. मी फक्त नवं शिकलो होतो, ते फक्त जुनं. त्यांच्या हिशेबाने त्यांचा पास योग्यच होता. चूक एवढीच की आम्ही आधी ठरवलंच नव्हतं.

म्हणून "असं का बोललात?" हे विचारूच नका, त्यात आरोप येतो. "तुम्ही काय अर्थ घेतलात?" असं विचारा. तेही दुसऱ्या दिवशी, दोघंच असताना. डाव चालू असताना तर उसासासुद्धा नको: पार्टनरच्या चेहऱ्यावरून किंवा सुरावरून कळलेली गोष्ट वापरायला ब्रिजच्या नियमांत बंदी आहे, त्यामुळे तुमच्या नाराजीने तेच अडचणीत येतात. स्कोअरच्या कागदामागे बोली तेवढी टिपून ठेवा. आणि निकालावरून बोलू नका. फिनेस (विरुद्ध जोडीचा मोठा पत्ता चुकवून छोट्या पत्त्याने हात घेण्याची खेळी) बसली म्हणून वाईट बोली चांगली ठरत नाही.

एखाद्या मुद्द्यावर आपणही माघार घ्यावी. अण्णांना १ नो ट्रंपला (हुकमाशिवायच्या बोलीला) १६ ते १८ पॉइंट हवे होते, मला १५ ते १७. दोन्ही चालतात, मी त्यांचं मान्य केलं. मग ठरलेलं टिपायला आम्ही एक वही केली, आणि डबलचं त्यांनी आपणहून तिच्यात लिहिलं: "आपण १ बोललो, मधे बोली आली, तर डबल = न बोललेला मेजर (बदाम किंवा इस्पिक). मधली बोली २ इस्पिकपर्यंत."

एक शंभर पानी वही घेऊन त्यांच्या घरी जा, आणि पेन त्यांच्या हातात द्या.