स्वस्त माल आणि ओव्हरटाइमचं रजिस्टर

तू विचारलंयस, "खडेबाजारात खेळणी आणि गिफ्टचं दुकान टाकतोय. निम्मा माल चीनचा. मामेभाऊ म्हणतो, कैद्यांकडून आणि लहान पोरांकडून करून घेतात म्हणून तो एवढा स्वस्त, विकू नको. काकू, तुम्ही कारखान्यात होता, हे खरं काय?"

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एका मशीन शॉपमध्ये २६ वर्षं टाइम ऑफिसला होते. मस्टर, ओटी म्हणजे ओव्हरटाइम, पीएफ, ईएसआय, पगारपत्रक सगळं माझ्या हातून जायचं. चीन मी बघितलेला नाही. पण पगाराचं रजिस्टर कसं वाचायचं आणि ते कसं लिहितात हे मला पुरतं ठाऊक आहे. त्या बाजूनंच सांगते.

मामेभावाचं म्हणणं अगदीच हवेतलं नाही. चीनच्या शिनजियांग प्रांतात उइगुर मुस्लिम लोकांना जबरदस्तीनं कामाला लावतात म्हणून अमेरिकेनं २०२१ मध्ये कायदा केला आणि जून २०२२ पासून तो लागू झाला. तिथला माल जबरदस्तीचा नाही हे आता आयातदारानंच सिद्ध करायचं, नाहीतर माल बंदरात अडकतो. पण तुझ्या दुकानात येणारी प्लॅस्टिकची मोटार आणि एलईडीची माळ बहुतेक करून ग्वांगडाँग नाहीतर झेजियांग प्रांतातल्या साध्या कारखान्यांतली असणार. तिथं राबणारी माणसं बहुतांशी मोठी, आपल्या पायानं खेड्यातून आलेली. त्यांची सरकारी नोंद गावची असते, त्यामुळं शहरात पोरांना शाळेत घालणं अवघड जातं. मग पोरं आजीकडं आणि आईबाप कारखान्याच्या वसतिगृहात. खानापूर भागातून गोव्याला कामाला गेलेल्यांच्या घरी आपण वेगळं काय बघतो?

आणि पगार म्हणशील तर, ग्वांगडाँगमधल्या शेनझेन शहरात किमान वेतन २०२२ मध्येच महिना २,३६० युआन झालं होतं. आपल्या पैशात पंचवीस हजारांच्या वरच. उद्यमबागेतल्या किती हेल्परांच्या हातात एवढे पडतात, तूच चौकशी कर.

मग माल स्वस्त कसा? एक कारण सरळ आहे. साचा करणारा, स्क्रू करणारा, खोकी करणारा सगळे एकाच गावात, बंदर जवळ, आणि नग लाखांच्या हिशोबात. त्यात वाईट काही नाही. दुसरं कारण म्हणजे तास. मला बोलायचंय ते त्यावर.

चीनच्या कायद्यात ओव्हरटाइमला महिन्याला ३६ तासांची मर्यादा आहे, आणि दर दीडपट, सुट्टीच्या दिवशी दुप्पट, सणाला तिप्पट. कागदावर आपल्यापेक्षा फार वाईट नाही. २०१० मध्ये आयफोन जोडणाऱ्या फॉक्सकॉन कंपनीच्या तिथल्या कारखान्यांत एकामागून एक तरुण कामगारांनी इमारतींवरून उड्या टाकून जीव दिला, मालकांनी इमारतींना जाळ्या बांधल्या. पुढं २०१२ मध्ये फेअर लेबर असोसिएशन या कामगारांची स्थिती तपासणाऱ्या संस्थेनं त्यांच्या तीन कारखान्यांची तपासणी केली, ३५,००० हून जास्त कामगारांना प्रश्न विचारले. गर्दीच्या दिवसांत आठवड्याला ६० तासांच्या वर काम चालत होतं. जवळजवळ दोन तृतीयांश लोक म्हणाले, पगारात भागत नाही. आणि साधारण एक तृतीयांश म्हणाले, आम्हाला अजून तास द्या.

ही शेवटची ओळ वाचून पुष्कळ जण म्हणतात, बघा, त्यांनाच काम हवंय. मी ती वाचली आणि मला टाइम ऑफिसची माझी खिडकी आठवली. दर महिन्याला तिथं माणसं येऊन उभी राहायची, "मॅडम, या महिन्यात ओटी लावा की." बेसिक एवढा कमी ठेवलेला असायचा की ओटी नसेल त्या महिन्यात घरभाडं, किराणा आणि पोरांची फी यातलं एक काहीतरी राहायचंच. ओटी कुणी बळजबरीनं करून घेत नव्हतं. माणसानं स्वतः येऊन मागावं असाच पगार ठरवलेला होता. "राजीखुशीनं ओव्हरटाइम" असं कुठल्याही अहवालात दिसलं की आधी बेसिक बघायचा.

आमच्याकडं त्या वेळी १९४८ चा कारखाने कायदा. आठवड्याला ४८ तास, ओव्हरटाइमला दुप्पट दर, तिमाहीला ५० तासांची मर्यादा. आम्ही ओटी एकेरी दरानं द्यायचो आणि पगारपत्रकात "प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह" लिहायचो. परदेशी गिऱ्हाइकाचा ऑडिटर येणार असं कळलं की आठ दिवस आधी दुसरं रजिस्टर तयार व्हायचं. वेगवेगळ्या पेनांनी, तारखा जुळवून, एकाही आठवड्यात ४८ च्या वर जायचं नाही. सुपरवायझर कामगारांना उत्तरं पाठ करून घ्यायचे. ऑडिटर दीड दिवस थांबायचा, अग्निशामकाच्या तारखा बघायचा, रजिस्टरचे फोटो काढायचा आणि जायचा. ते रजिस्टर मी लिहिलंय. अक्षर माझं होतं. एक फेटलिंगवाला (ओतीव पार्टच्या कडा घासणारा) मामा सोळा तास उभा राहून घरी जाताना मला नमस्कार करून जायचा आणि मी त्याचे आठ लिहायची. हे मला अजून टोचतं, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

त्यामुळं "कारखान्याकडं सर्टिफिकेट आहे" एवढ्यावर मी विश्वास ठेवत नाही. कराचीच्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये कामगारांच्या सुरक्षिततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. ११ सप्टेंबरला तिथं आग लागली. खिडक्यांना गज, दारं बंद. अडीचशेच्या वर माणसं गेली. ढाक्याजवळच्या राणा प्लाझाला २३ एप्रिल २०१३ रोजी भेगा दिसल्या. त्याच इमारतीतल्या बँकेनं आपल्या माणसांना घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी शिलाईच्या कामगारांना मात्र, आत गेला नाहीत तर पगार कापू, असं सांगून चढवलं. इमारत कोसळली, १,१३४ जण मेले. भेग सगळ्यांनाच दिसत होती, पण महिन्याचा पगार मालकाच्या हातात होता आणि नाही म्हणायला पाठीशी संघटना नव्हती.

तास वाचवायचे म्हणजे काय काय करतात, त्याचं अजून एक उदाहरण. चीनमधल्या सूझोऊच्या विनटेक कारखान्यात मोबाइलचे स्क्रीन पुसायला अल्कोहोलऐवजी एन-हेक्झेन नावाचं रसायन वापरलं, कारण ते लवकर वाळतं. एका स्क्रीनमागं काही सेकंद वाचले. १३७ कामगारांच्या नसांवर परिणाम झाला, हातापायांतली शक्ती गेली. थिनरनं पार्ट पुसणाऱ्या आपल्या पोरांनाही मी हे सांगायची.

मजुरी वाढवली तर वस्तू परवडणार नाही, असं कुणी म्हटलं तर एक आकडा ध्यानात ठेव. २०१० च्या आयफोनच्या किमतीत चीनमधल्या मजुरीचा वाटा दोन टक्क्यांहून कमी निघाला होता.

आता तुझ्या दुकानाचं. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे, मार्क नसलेला माल घेऊच नको. पण तो मार्क पोराच्या तोंडात जाणाऱ्या रंगाचं सांगतो, खेळणं करणारीच्या तासांचं नाही. होलसेलवाल्याला विचारलंस तर त्यालाही काही ठाऊक नसणार. "देशी आहे, म्हणजे स्वच्छ" अशी पाटी मात्र लावू नको. माझी आई निपाणीच्या वखारीत तंबाखू चाळायची. पदर तोंडाला बांधून, दिवसभर त्या धुरळ्यात. रात्री तिचा खोकला ऐकत आम्ही झोपायचो. १९८० च्या आसपास त्या बायका संघटित झाल्या, मोर्चे काढले, तेव्हा मजुरी वाढली. ती वखार काही चीनची नव्हती. गोकाकची लाकडी फळं ठेवणार असशील तर जरूर ठेव, फक्त कारागिराशी भाव करताना आईच्या वयाच्या बाईशी बोलतोयस असं समजून बोल.

दुकान बंद कर असं मी म्हणणार नाही. तुलाही घर चालवायचंय. एक गोष्ट तुझ्या हातात आहे. दिवाळीच्या तोंडावर सगळे दुकानदार एकदम ऑर्डर टाकतात, होलसेलवाला आयातदाराला घाई करतो, आयातदार कारखान्याला, आणि ती घाई शेवटी कुणाच्या तरी रात्रपाळीत जाते. आमच्याकडंही डिस्पॅचच्या आधीचे पंधरा दिवस असेच जायचे. तुझ्या एकट्याच्या खोक्यांनी तिकडची पाळी बदलणार नाही, पण गल्लीतल्या चार-पाच दुकानांनी मिळून होलसेलवाल्याला दिवाळीचा माल आषाढातच सांगितला, तर तो ऐकेल. आगाऊ ऑर्डर त्यालाही हवीच असते. यंदा तेवढं करून बघ, आणि दिवाळी झाल्यावर इथं लिही.