खदानीतल्या दगडावरचं पान सुटतंय? आधी बादली बाजूला ठेवा

तुमची पोस्ट वाचली आणि माझी २०११ सालची प्लास्टिकची बादली डोळ्यांसमोर आली. वणीकडच्या कोळसा खदानीच्या ओबीतून (कोळशावरची माती-दगड काढून टाकलेल्या ढिगाऱ्यातून) आणलेल्या दगडावरचं जीवाश्म पान पापुद्र्यासारखं सुटतंय, तर नळाखाली धरून ब्रशने साफ करू का, असं तुम्ही विचारलंय. नका करू. पाणी लांबच ठेवा.

मी भूगर्भशास्त्रवाला नाही, आयुष्य बँकेत गेलं. चुकलो तर जाणकारांनी कान धरावा.

मला घुग्घुसच्या बाजूला राखाडी शेलची, म्हणजे चिखल थराथराने घट्ट होऊन झालेल्या दगडाची, हातभर लांब लादी मिळाली होती. जिभेच्या आकाराची पाच-सहा पानं एकावर एक पडलेली, मधली शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंची जाळी स्पष्ट. ग्लॉसोप्टेरिसच, कोळशाच्या काळातली नामशेष झालेली वनस्पती. वर चिखल होता, म्हणून मी शहाण्याने ती रात्री वालासारखी भिजत घातली. सकाळी तळाला गाळ आणि वर काळी साय तरंगतेय. ती साय म्हणजेच पान, हे मला तेव्हा कुठे ठाऊक! पंचवीस कोटी वर्षांहून जास्त टिकलेली वस्तू माझ्या मोरीत एका रात्रीत गेली. सुकलेल्या शेलमधली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, थर फाकतात. पानाचा उरलेला असतो तो फक्त कोळशाचा पातळ पडदा, तो दगडाला धरून राहील कशाला?

आपल्याकडे दोन प्रकारचे दगड हाती लागतात. कोळशाच्या थरांबरोबरचा, बराकार नावाच्या खडकथरांतला राखाडी-काळा शेल. त्याचं वर सांगितलं. दुसरा त्याच्या वरच्या, कामठी नावाच्या थरांतला लालसर-पिवळा दगड. त्यात बहुतेक वेळा नुसता ठसा असतो, पडदा नसतो. त्याला ओलसर ब्रश चालतो म्हणतात. मी तोही कोरडाच ठेवतो, एकदा पोळलोय.

आता तुमच्या दगडाचं. वर्तमानपत्रात गुंडाळून सावलीत पंधरा दिवस हळूहळू सुकू द्या. उन्हात अजिबात नको, तडकतो. मग पॅरालॉइड बी-७२ (संग्रहालयवाले वापरतात तो पारदर्शक ॲक्रिलिक राळेसारखा पदार्थ) ॲसिटोनमध्ये अगदी पातळ करून आधी कोपऱ्यावर लावून बघा. खिडकी उघडी, गॅस बंद. फेविकॉल नको. मी लावलाय. चकाकी आली आणि आकसताना पडदाच घेऊन गेला. दगड फोडायला गवंड्याची चपटी छिन्नी पुरते, ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या हातोड्या राहू द्या.

खदानीच्या ढिगाऱ्यावर जायच्या परवानगीचं विचाराल, तर एका कार्यालयाने मला आठ महिने फिरवलं. या टेबलावरचा अर्ज त्या टेबलावर, आणि शेवटी 'तुमचा विषय आमच्याकडे येत नाही'. हे पहिल्या दिवशी सांगता येत नव्हतं का? माझं मत असं की एकट्याने अर्ज करत बसू नका. कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाची सहल निघते, तिच्यात घुसा. चोरून तर मुळीच जाऊ नका. ढिगारा दिसतो टेकडीसारखा, पण असतो नुसता ओतलेला माल. २०१६ च्या डिसेंबरात झारखंडात लालमटियाला असाच ढिगारा सरकून २३ कामगार गेले. पावसाळ्यात विषयच नको, आणि जिथून धूर निघतोय तिथे आत कोळसा धुमसत असतो, त्यावर पाय ठेवू नका.

पुढच्या वेळी टॉर्च आडवी धरून फोटो टाका, शिरा उठून दिसतील. मधली ठळक शीर नसेल आणि नुसती जाळी असेल, तर गँगामॉप्टेरिस, म्हणजे ग्लॉसोप्टेरिसच्या जवळची दुसरी जुनी वनस्पतीही असू शकते. आणि दगड फोडल्यावर समोरचा अर्धा भाग फेकून तर नाही ना दिलात? त्यावर पानाची उलटी बाजू असते. माझ्याकडे आज त्या लादीचं जे काही आहे, ते त्या अर्ध्यावरच. बादलीत मावला नाही म्हणून वाचला.