स्प्लिट एसीच्या बारीक कॉपर पाइपला इन्सुलेशन लागतं का? दीड टन, आर-३२, घोडबंदर रोडला नवीन फ्लॅट. मेकॅनिक म्हणतो जाड पाइपला केलं की पुरे, आणि मधे एक जॉइंट मारावा लागेल

लागतं. दोन्हीला लागतं आणि वेगवेगळं लागतं. तुमचा मेकॅनिक एकतर माल वाचवतोय नाहीतर आमच्या मोठ्या साडूंचा चेला आहे.

सासऱ्यांचा फ्लॅट पाचपाखाडीत, जुनी बिल्डिंग, आउटडोअर ठेवायला जागा फक्त मागच्या बाजूला, त्यामुळे बेडरूमपासून पाइप पॅसेजच्या पीओपीवरून न्यावा लागला. मोठे साडू तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजमध्ये मेंटेनन्सला, म्हणजे त्या घरात थंड होणाऱ्या प्रत्येक वस्तूवर शेवटचा शब्द त्यांचा. मी बँकेत. फिटिंगवाला पोरगा बिचारा दोन्ही पाइपवर चढवायला काळं नायट्राइल (इन्सुलेशनची रबरी फोमची नळी) घेऊन आला होता, तर साडूंनी त्याला थांबवलं, म्हणे लिक्विड लाइन, म्हणजे बारीक पाइप, गरम असते, तिला कशाला स्वेटर घालतोस, उघडी राहिली तर चांगलंच आहे. मी मशीनबरोबर आलेलं पुस्तक उघडून दाखवलं, त्यात दोन्ही पाइप वेगवेगळे गुंडाळलेलं चित्र आहे. तर म्हणाले, "तुम्ही लोनचं बघा, पाइपाचं आम्ही बघतो." त्यावर सासरे हसले. साडूंच्या बोलण्यापेक्षा ते हसणं मला जास्त लागलं, खोटं कशाला बोलू.

जुलैत पॅसेजच्या पीओपीवर पिवळा डाग. आधी संशय वरच्या मजल्यावरच्या बाथरूमवर. सासूबाई आणि वरच्या काकूंचं कडाक्याचं वाजलं, काकूंनी शेवटी वैतागून वॉटरप्रूफिंग करून घेतलं, डाग होता तसाच. मग साडू म्हणाले ड्रेन तुंबलाय. साफ केला, स्वच्छ होता. मग म्हणाले गॅस कमी झालाय. वेगळा मेकॅनिक आणून गेज लावलं, प्रेशर बरोबर. सासूबाई माहेरच्या लग्नाला गेल्या तेव्हा आठवडाभर एसी बंद होता आणि डाग सुकला, हे कोणाच्या लक्षात आलं, तर लोन बघणाऱ्याच्या. पीओपीला चौकोन कापला तर जाड पाइप कोरडा ठणठणीत आणि बारीक पाइपवरून थेंब थेंब गळतंय, पोटमाळ्यावर बादली ठेवावी असं.

आता कारण ऐका. साडूंच्या प्लांटमध्ये एक्सपान्शन व्हॉल्व, म्हणजे प्रेशर पाडून गॅस गार करणारा भाग, आत, कूलिंग कॉइलजवळ असतो, म्हणून तिथपर्यंत लिक्विड लाइन कोमट असते. तिथे ते शंभर टक्के बरोबर आहेत. पण घरगुती स्प्लिटमध्ये बहुतेक वेळा हेच काम करणारी कॅपिलरी (केसासारखी बारीक नळी) किंवा इलेक्ट्रॉनिक व्हॉल्व आउटडोअरमध्येच असतो. म्हणजे गॅसचं प्रेशर बाहेरच पडतं, आणि बारीक पाइपातून आत येतो तो आधीच गार झालेला माल. आणि हवा कुठली, ठाण्याची. ३० डिग्री आणि ८० टक्के ह्युमिडिटी असेल तर २६ डिग्रीच्या वस्तूवरही दव धरतं, पावसाळ्यात इथे एवढं तर रोजचंच. हा पाइप त्याच्यापेक्षा कितीतरी गार. नागपूरला मे महिन्यात कदाचित चालून जाईल, खाडीकाठी नाही चालणार. हे मी साडूंना कागदावर काढून दाखवलं, तर म्हणाले तुमच्या मशीनमध्ये काहीतरी गडबड आहे. अजूनही तेच म्हणतात.

दोन्ही गारच आहेत तर एकाच नळीत का नको, हाही प्रश्न येईल. दोन गोल पाइप एकत्र बांधले की मधे खाच राहते, त्यात दमट हवा शिरते आणि आतल्या आत पाणी धरतं. म्हणून वेगळं. पीओपीत किंवा भिंतीत जाणार असेल तर १३ मिमी जाडीचं घ्या, ९ वर समाधान मानू नका, आणि तो पांढरा फोम तर नकोच. नळी पाइपवर सरकवून घालायची, उभी चिरली तर ती चीर चिकटवायची, नुसती टेप गुंडाळून भागत नाही. वरची पांढरी टेप करकचून ओढतात ना, त्याने इन्सुलेशन चेपतं आणि जाडीचे पैसे फुकट जातात. बाहेरच्या भागात खालून वर गुंडाळायला सांगा म्हणजे पावसाचं पाणी पदरात शिरत नाही, आणि उन्हाने नायट्राइल तडकतं म्हणून बाहेर झाकलेलंच पाहिजे.

जॉइंटचं म्हणाल तर मधे जॉइंट मुळात का? आधी मापं घ्या आणि पूर्ण लांबीचा पाइप मागवा. तुकडे जोडायचे ते त्याच्या गाडीत उरलेले असतात म्हणून. अगदीच वेळ आली तर ब्रेझिंग (आगीच्या झोताने धातू वितळवून जोडणं), तेही आतून नायट्रोजन सोडत, नाहीतर आत काळी खपली धरते. पीओपीच्या आत फ्लेअर नट (पाइपचं तोंड पसरवून त्यावर आवळायचा पितळी नट) अजिबात नको. फ्लेअर फक्त दोन टोकांना, कटरने कापून, कडेची बर म्हणजे धारदार कीस काढून (काढताना पाइपचं तोंड खाली, नाहीतर कीस आत), फ्लेअरला थोडं ऑइल लावून, आणि दोन पान्यांनी. जोर लावून आवळला म्हणजे घट्ट झाला असं नसतं, पाव इंची नटला पंधरा-सोळा न्यूटन मीटर पुरतात, त्यापुढे फ्लेअर फाटतो. मग प्रेशर लावून साबणाचं पाणी, मग व्हॅक्यूम पंप. गॅस सोडून हवा काढतो म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा, आर-३२ आग धरू शकतो. जॉइंटवरचं इन्सुलेशन सगळ्यात शेवटी, लीक तपासल्यावर, पण पितळी नटासकट पूर्ण झाकून. तो नटही घामेजतो.

हां, एक राहिलं. बारीक पाइपवर बर्फ धरला असेल तर मात्र गॅस कमी असू शकतो, तेव्हा साडूंचं ऐका. आणि मोठ्या डक्टेबल मशीनमध्ये व्हॉल्व आत असतो, तिथे बारीक पाइप कोमट असेल, म्हणून आधी तुमच्या मॉडेलचं पुस्तक बघा. पण तुम्ही दीड टन स्प्लिट लिहिलंय तर नव्याण्णव टक्के मी म्हणतो तेच.

एक काम करा, जॉइंटवरचं इन्सुलेशन घालायच्या आधी दहा-पंधरा मिनिटं मशीन चालवून बारीक पाइपचा नटाजवळचा फोटो काढा, ओल धरलेली स्पष्ट दिसेल असा. इथे टाका. मला तो सासुरवाडीच्या ग्रुपवर पाठवायचाय, आपल्या मशीनचा पाठवला तर ते परत गडबड आहे म्हणतील.