विहारातल्या चित्रात बुद्धांचा हात खाली का, ते शाप देत आहेत का?

नाही, तो शाप नाही. बुद्ध जमिनीला साक्षीला बोलावत आहेत. सोलापूरच्या बुधवार पेठेतल्या विहाराच्या भिंतीवरचं जे चित्र तुम्ही सांगता (मध्ये ध्यानस्थ बुद्ध, एका बाजूला नटलेल्या तीन तरुणी, दुसऱ्या बाजूला शस्त्रं उगारलेली अक्राळविक्राळ टोळी) तो मारविजयाचा, म्हणजे साधकाला मोहात पाडणाऱ्या ‘मारा’वर बुद्धांनी मिळवलेल्या विजयाचा प्रसंग आहे. ‘या आसनावर तुझा हक्क काय?’ असं मार विचारतो आणि बुद्ध उजव्या हाताची बोटं जमिनीला टेकवतात. ही भूमिस्पर्श मुद्रा. फ्लेक्सवर चित्र छापताना खालची कड बऱ्याचदा कापली जाते, मग हात नुसताच लोंबतो आणि गोंधळ होतो. तरुणी म्हणजे माराच्या मुली: तण्हा, अरती आणि रगा, म्हणजे अनुक्रमे तृष्णा, नावड आणि आसक्ती. राक्षसही बाहेरचे नव्हेत. सुत्तनिपात या पाली ग्रंथातल्या पधान सुत्तात माराच्या सेना एकेक करून मोजल्या आहेत: पहिली काम, दुसरी अरती, मग भूक-तहान, तृष्णा, आळस, भीती, शंका. म्हणूनच बुद्धांच्या हाती शस्त्र नाही, चेहऱ्यावर रागही नाही. अजिंठ्याच्या लेणी क्रमांक 1 मध्ये हाच प्रसंग रंगवलेला आहे आणि क्रमांक 26 मध्ये कोरलेला. एकदा बघाच, सोलापूरहून लांब पडतं तरी. एक मात्र लक्षात घ्या: पाली परंपरेत मुलींचा प्रसंग संबोधीनंतरचा (ज्ञानप्राप्तीनंतरचा) आहे, सैन्याचा हल्ला त्याआधीचा. चित्रकार सोयीसाठी दोन्ही एकाच चौकटीत बसवतात.